पेटीतलं विमान

२०१२ च्या एप्रिलमध्ये एक बातमी वाचली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, हे आता लिहितानाही जरा लाजल्यासारखं होतंय. बातमी अशी होती की ब्रह्मदेशात, रंगूनजवळच्या मिंगलाडोन विमानतळाच्या जमिनीत, दुसऱ्या महायुद्धातली स्पिटफायर ही ब्रिटिश लढाऊ विमानं लाकडी पेट्यांत पॅक करून पुरून ठेवलीत. मोडकीतोडकी नाही, कोरी करकरीत. पंख सुटे करून, ग्रीस फासून, मेणकागदात गुंडाळून, १९४५ मध्ये खड्ड्यात ठेवलेली आणि मग विसरलेली. आणि ती पण साधी नाहीत, मार्क १४, म्हणजे ३६.७ लिटरचं ग्रिफन इंजिन आणि पुढे पाच पात्यांचा पंखा.

मी काही वर्षं हँगरमध्ये शीट मेटलचं काम केलंय, त्यामुळे जुन्या विमानाचं काय होतं ते मला माहीत होतं, माहीत असायलाच हवं होतं. तरी विश्वास ठेवला. दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो. बायको म्हणाली, तू काय पायाळू आहेस का, तुला जमिनीखालचं दिसायला? तेव्हा राग आला होता, पण प्रश्न अगदी बरोबर होता.

या सगळ्यामागे होते डेव्हिड कंडॉल, इंग्लंडमधल्या लिंकनशायरचे शेतकरी आणि विमानवेडे. १९९६ पासून ते या गोष्टीच्या मागे होते, स्वतःच्या खिशातले लाखभर पौंडांच्या वर घातले होते, ब्रह्मदेशच्या वाऱ्या केल्या होत्या, म्हातारे सैनिक शोधून त्यांच्या आठवणी टिपल्या होत्या. लीड्स विद्यापीठातल्या भूभौतिक तज्ज्ञांनी जमिनीखालचा सर्व्हे केला होता आणि त्यात काहीतरी धातूचं असल्यासारखे सिग्नल आले होते. आता विमानतळाच्या जमिनीखाली धातू सापडला नाही तरच नवल, पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरून ब्रह्मदेशला जाऊन आलेले, तिथल्या राष्ट्राध्यक्षांशी याच विषयावर बोलणं झालेलं, मग ऑक्टोबरमध्ये करार, मग वॉरगेमिंग नावाच्या व्हिडिओ गेम कंपनीनं खर्च उचलला. एवढी सगळी माणसं धावतायत म्हटल्यावर काहीतरी असणारच ना, असं वाटायचं.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. आकडा वाढत होता. आधी वीसेक विमानं, मग छत्तीस, मग थेट सव्वाशेच्या वर. अहो, जमिनीखालच्या वस्तूला पिल्लं होतात का? खरा पुरावा हाताशी आला की आकडा सहसा खाली येतो, दहाचे सात होतात, सातातली दोन दुसऱ्याच कसलीतरी निघतात. अफवेचं उलटं असतं, ती चढतच जाते. गुप्तधनाचा एक हंडा दोन पिढ्यांत सात हंडे होतो तसं.

जानेवारी २०१३ मध्ये खोदकाम सुरू झालं. मी रोज सकाळी आधी फोन बघायचो. उत्तरेकडे मिचिनाला जमिनीत एक लाकडी पेटी लागली, ही बातमी आली तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो. पेटीला भोक पाडून कॅमेरा आत सोडला. आत काय, तर गढूळ पाणी. कॅमेऱ्याला चिखलाशिवाय काही दिसेना. पाणी उपसलं की कळेल म्हणाले, आणि मी वेड्यासारखा त्या पाण्याच्या आत विमान बघत होतो, म्हणजे मनातल्या मनात. पेटीत विमान नव्हतं. मिंगलाडोनला तर आता यांगूनचा, म्हणजे रंगूनचाच, चालू आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, धावपट्टीजवळ मनाला येईल तसं खणता येत नाही, आणि जमिनीत मिळाल्या त्या केबली आणि पाइप. महिना संपायच्या आत पैसे घालणाऱ्या कंपनीनं सांगून टाकलं की इथे स्पिटफायर नाहीत.

आणि यातली खरी वाचण्यासारखी गोष्ट नंतर आली, जिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. त्या टीममध्ये पुरातत्त्ववाले होते, त्यांनी फावड्याबरोबर कागदपण उपसले होते. जुन्या नोंदींनुसार १९४५ आणि ४६ मध्ये रंगूनला तीन खेपांत मिळून फक्त ३७ विमानं आली. त्यांच्या पेट्यांमध्ये स्पिटफायर होती असं कुठल्याच कागदावर नाही, आणि त्यातली बहुतेक १९४६ च्या शरद ऋतूत परत बाहेर पाठवून दिलेली. संपलं. सतरा वर्षांचा शोध आणि उत्तर खतावणीत. ज्यानं कोणी स्टोअरमध्ये काम केलंय त्याला हे पटेल, लष्करात एक स्पॅनर हरवला तरी चार कागद फिरतात, तिथे सव्वाशे लढाऊ विमानं कोणाच्याही सहीशिवाय मातीखाली जातील होय? शिवाय पुरायचं म्हणजे अवजड मशिनरी पाहिजे, लाकूड पाहिजे, माणसं पाहिजेत, आणि युद्ध नुकतंच संपलेल्या त्या विमानतळावर या सगळ्याची मारामार.

कंडॉल यांना तरीही पटलं नाही. ते म्हणाले चुकीच्या जागी खणलं. मला त्यांच्यावर हसू येत नाही खरं सांगायचं तर. आणि ते म्हातारे सैनिक खोटं बोलले असंही मला वाटत नाही. त्यांनी पेट्या बघितल्या असणार. मोठ्या पेट्या, विमानतळावर, खड्ड्याच्या कडेला. आत काय होतं ते कोणी उघडून दाखवलं नसणार, आणि पन्नास वर्षं सांगता सांगता पेटीत विमान आपोआप तयार झालं असणार. आपल्या सगळ्यांच्या आठवणी अशाच असतात.

कारण विमानं नासवलेली त्या पिढीनं डोळ्यांनी बघितली होतीच की. अमेरिकेनं लेंड-लीज कराराखाली दोस्तांना जे सामान दिलं होतं त्याचं युद्धानंतर काय करायचं, तर एकतर परत द्या, नाहीतर पैसे भरा, नाहीतर नष्ट करा. पैसे कोणाकडे होते? मग ब्रिटिश नौदलानं विमानवाहू जहाजांच्या डेकवरून चांगली चालती विमानं ऑस्ट्रेलियाजवळ समुद्रात ढकलून दिली. ॲरिझोनात किंगमनला हजारो बॉम्बर ओळीनं उभे करून, तोडून, भट्टीत वितळवून ॲल्युमिनियमच्या विटा केल्या. ज्यानं हे बघितलं, जो काल ज्या विमानाची काच पुसत होता ते आज बुलडोझरखाली जाताना ज्यानं बघितलं, त्याच्या मनात ‘एखादं तरी कोणीतरी लपवून ठेवलं असेल’ हे येणं अगदी साहजिक आहे. म्हणून या गोष्टी सगळीकडे आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या ओकीला स्पिटफायर पुरल्याची अफवा आहे. तुर्कस्तानात कायसेरीला जर्मन फॉके-वुल्फ १९० पुरल्याची आहे. तुर्कस्तानला जर्मनीकडून ७२ विमानं मिळाली होती हे खरं आहे, पुढचं पेटी आणि मेणकागद हे सगळं तेच. मेणकागद प्रत्येक गोष्टीत असतोच, बघा तुम्ही.

बरं, सगळंच खोटं असतं असंही नाही, आणि तिथेच गोची आहे. १५ जुलै १९४२ ला सहा पी-३८ लायटनिंग लढाऊ विमानं आणि दोन बी-१७ बॉम्बर ब्रिटनकडे जाताना खराब हवामानात अडकून ग्रीनलंडच्या बर्फावर उतरली. माणसं सगळी वाचली, विमानं तिथेच राहिली. पुढे ऐंशीच्या दशकात अमेरिकेतले काही हौशी लोक निघाले, त्यांची कल्पना अशी की शेपट्या बर्फातून वर आलेल्या दिसतील, थोडं फावडं मारलं, पेट्रोल भरलं की झालं. प्रत्यक्षात विमानं २६८ फूट खाली होती. २६८ फूट! पंचवीस-सव्वीस मजले बर्फ. त्यांनी मग गरम पाण्यानं बर्फ वितळवत खाली जाणारं एक यंत्र बनवलं, चार फूट रुंदीची विहीर पाडली, आणि एक माणूस दोराला लटकत खाली. आधी बी-१७ पर्यंत पोचले तर ते बर्फाच्या वजनानं चिरडलेलं. एवढे पैसे, एवढी वर्षं, आणि खाली चुरगळलेला डबा. मी असतो तर तिथेच रडलो असतो आणि घरी गेलो असतो. ते परत आले, पी-३८ शोधलं, ते तुलनेनं बरं निघालं, भोवती गरम पाण्यानं गुहा कोरून खालीच सुटं केलं आणि १९९२ मध्ये तुकड्या तुकड्यानं वर काढलं. नंतर केंटकीत दहा वर्षं काम चाललं, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ते उडलं. ग्लेशियर गर्ल म्हणतात त्याला.

आता हे एक उदाहरण म्हणजे अफवावाल्यांना ऑक्सिजन. बर्फात मिळालं तर मातीत का नाही? कारण बर्फ आणि माती यात फरक आहे म्हणून! यांगूनला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ग्रीस लावा, मेणकागद लावा, सागाच्या ओंडक्यांवर ठेवा, तिथे सत्तर वर्षांनी काय उरेल याचा अंदाज माझ्यासारख्या माणसाला तरी बांधता यायला हवा होता.

डुरॅल्युमिनचं, म्हणजे विमानाच्या पत्र्याच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचं, काय होतं सांगतो. लोखंड गंजतं तसं ते लाल होत नाही, त्यामुळे लांबून फसायला होतं. आधी पांढरी भुकटी येते, रांगोळी सांडल्यासारखी. मग रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकळ खिळ्यांच्या, ओळीत फुगवटा येतो. मग तुम्ही नख लावता आणि खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटतात, कारण ते आतून, धातूच्या कणांच्या मधून पोखरलेलं असतं. जिथे स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला टेकलेला असतो तिथे तर ओलाव्यात छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मॅग्नेशियमची कास्टिंग असतील तर समुद्राच्या पाण्यात ती जवळजवळ विरघळूनच जातात. २०१३ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या गुडविन सँड्समधून जर्मन डॉर्निए १७ वर काढलं, ते पाण्यातून वर आल्यावर हवा लागून मरू नये म्हणून प्लॅस्टिकच्या बोगद्यात ठेवून त्याच्यावर सायट्रिक ॲसिडच्या पाण्याचा फवारा मारत बसले. म्हणजे लिंबाच्या आंबटपणानं बॉम्बर धुतला. आणि हे उडवण्यासाठी नाही हां, नुसतं आहे तसं टिकवण्यासाठी.

मग उडणारी जुनी विमानं येतात कुठून, हा प्रश्न मला लोक विचारतात. येतात अशाच भंगारातून, पण भंगार हे त्यात बहुतेक वेळा नमुना म्हणून असतं. स्पिटफायर एन३२०० घ्या, २६ मे १९४० ला डंकर्कच्या वेळी कॅलेजवळच्या किनाऱ्यावर उतरवलं, वाळूत गेलं, १९८६ मध्ये बाहेर काढलं, २०१४ मध्ये उडलं. त्याच्याच दोन दिवस आधी, तिकडच्याच किनाऱ्यावर उतरलेलं पी९३७४, ते २०११ मध्ये उडलं आणि २०१५ मध्ये लिलावात ३१ लाख पौंडांना गेलं. वाळूतून निघालेला तो गंजका सांगाडा आणि हे चकचकीत विमान यांचे फोटो शेजारी ठेवले तर कोणीही विचारेल, यात जुनं काय आहे? विमानाची ओळख असते ती नंबराच्या पट्टीत आणि कागदपत्रांत. बाकी एकेक भाग बाहेर काढायचा, मोजायचा, जुन्या ड्रॉइंगशी ताडायचा, चालण्यासारखा असेल तर ठेवायचा, आणि बहुतेक वेळा तो बाजूला ठेवून त्याच्यासारखा नवा बनवायचा. स्पिटफायरच्या पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा आतला कणा, म्हणजे एकात एक बसणाऱ्या चौकोनी नळ्या, बुंध्याशी सगळ्या, टोकाकडे जाता जाता एकेक कमी. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

यावरून ऑनलाइन खूप भांडणं होतात, हे खरं विमान का कॉपी वगैरे. माझं मत विचाराल तर मला त्याचं फार काही वाटत नाही. युद्ध चालू असतानाही या विमानांचे पंख बदलायचे, इंजिनं बदलायची, दोन पडलेल्या विमानांचं एक करायचे. विमान ही कधीच एका तुकड्यात जन्मून एका तुकड्यात मेलेली वस्तू नव्हती. मला खटकतं ते एवढंच की दोन फूट गंजलेला पत्रा आणि नंबराची पट्टी दाखवून ‘हेच ते विमान’ म्हणून किंमत दहापट लावतात, आणि ज्या पोरांनी चार-पाच वर्षं बसून तो पत्रा ठोकला त्यांचं नाव कुठे नसतं.

कारण काम ते आहे. एक रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. बाहेरून एक रिव्हेट गन धरतो, आतून दुसरा बकिंग बार, म्हणजे धातूचा जड ठोकळा, दाबून धरतो, दोघं एकमेकांना दिसत नाहीत, बोललेलं ऐकू येत नाही, ठोठावून खुणा करायच्या, एक टकटक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे झालं, पुढे चल. काही रिव्हेट तर भट्टीतून काढून पाण्यात बुडवून लगेच फ्रीजरमध्ये ठेवावे लागतात, बाहेर काढले की थोड्याच वेळात ते कडक व्हायला लागतात, त्यामुळे मूठभर आणायचे आणि पळत येऊन मारायचे, गप्पा मारत बसलात तर परत द्या. मी नवीन असताना एकदा आतून बार जरा तिरका धरला, रिव्हेटचं डोकं वाकडं बसलं. साधी गोष्ट, ड्रिल करून काढायचा. काढताना ड्रिल सरकलं, होल ओव्हल झालं. मग मोठ्या मापाचा रिव्हेट घ्यावा म्हटलं तर कडेपासून जेवढं अंतर लागतं तेवढं उरेना. तीन मिलिमीटरच्या एका रिव्हेटपायी अख्खी पट्टी गेली. फोरमन काही बोलले नाहीत, पट्टी उचलून स्क्रॅपच्या डब्यात टाकली आणि म्हणाले, जा, नवीन शीट घेऊन ये. एका पंखात असे हजारो रिव्हेट असतात.

आणि कधी कधी या कामातच अशी एखादी गोष्ट हाती लागते जी कुठल्याच पेटीत मिळाली नसती. लेनिनग्राडजवळच्या जंगलात १९८९ मध्ये एक फॉके-वुल्फ १९० सापडलं, पायलटनं व्यवस्थित उतरवलेलं, भोवती झाडं उगवलेली. इंजिन का बंद पडलं कळत नव्हतं, कारण गोळी लागलेली नव्हती. दुरुस्तीच्या वेळी उघडलं तर ऑइलच्या वाटेत चिंधीचा बोळा होता असं सांगतात. संशय असा की जबरदस्तीनं कामाला लावलेल्या कारखान्यातल्या कोणा मजुरानं तो मुद्दाम ठेवला असणार. ते विमान २०१० मध्ये अमेरिकेत परत उडलं. पण माझ्या डोक्यात तो बोळा ठेवणारा हात राहिला, कोणाचा होता कोण जाणे.

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. मी रंगूनच्या पेट्यांसाठी जागरणं करत होतो तेव्हा मला कानपूर धड माहीत नव्हतं.

युद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरीला अमेरिकन बनावटीचे बी-२४ लिबरेटर बॉम्बर मोठ्या संख्येनं पडून होते, तेच लेंड-लीजचे. जाता जाता रॉयल एअर फोर्सनं ते कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून मोडून ठेवले होते, पत्र्यावर घाव, यंत्रांची वाट, इंजिनात वाळू. म्हणजे नुसतं सोडून दिलेलं भंगार नाही, ठरवून केलेलं भंगार. १९४८ मध्ये आपल्या हवाई दलाला जड बॉम्बर हवे होते आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं कानपूरला गेली, या विमानाचं चाक त्या विमानाला, त्याचं शेपूट याला असं करत एकेक उभं केलं, जेमतेम उडेल इतकं. मग टेस्ट पायलट जमशेद मुनशी ते कानपूरहून बंगळुरूला उडवत न्यायचे, आणि तिथे त्याची नीट दुरुस्ती व्हायची. जरा विचार करा, ज्याच्या इंजिनात कोणीतरी मुद्दाम वाळू ओतली होती असं चार इंजिनांचं धूड, जमिनीवर ठोकून ठोकून जोडलेलं, आणि हा माणूस त्यात बसतोय, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. अशी चाळीसच्या आसपास विमानं तयार झाली. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये ५ नंबरची स्क्वाड्रन लिबरेटरवर उभी राहिली, नंतर ६ नंबरची स्क्वाड्रन समुद्रावर टेहळणीसाठी हीच विमानं वापरायची, आणि १९६८ पर्यंत ती सेवेत होती. वीस वर्षं! ज्यांनी बनवली त्यांनी स्वतःची कधीच वितळवून टाकली होती, त्यामुळे नंतर जगातल्या म्युझियमवाल्यांना लिबरेटर हवं झालं तेव्हा ते आपल्याकडे आले. लंडनच्या आरएएफ म्युझियममधलं लिबरेटर भारतातून गेलेलं आहे. अमेरिकेतलं पिमा म्युझियममधलं पण. आणि तिकडे एअर शोमध्ये वर्षानुवर्षं उडलेलं जे प्रसिद्ध लिबरेटर आहे, ते पण कानपूरच्या भंगारातून उठून आपल्याकडे नोकरी करून गेलेलं.

यात मेणकागद नाही, पेटी नाही, नकाशा नाही. उघड्या मैदानात पडलेली विमानं, सगळ्यांना दिसणारी. कदाचित म्हणूनच यावर कोणी रात्र जागवत नाही.

दिल्लीला पालमच्या हवाई दलाच्या म्युझियममध्ये एक लिबरेटर आहे, ते बघायला मी मुद्दाम गेलो. बाकी लोक समोर उभं राहून फोटो काढत होते, मी वाकून पोटाकडून बघत होतो, की कुठे रिव्हेटची ओळ बदललीय का, कुठे मूळ कारखान्याचा पत्रा संपून आपल्या लोकांचा सुरू होतोय का. रंग जाड होता, काही कळेना. एका ठिकाणी मात्र ओळीतला एक रिव्हेट जरासा, अगदी केसभर, खाली गेलेला वाटला, आणि तो बोटानं चाचपावा म्हणून हात वर केला तेवढ्यात गार्ड आला आणि म्हणाला, भाईसाब, कुछ गिर गया क्या?